ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी आणि पदवीची नवी चौकट : पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ साली कॉलेज निघाले, साताऱ्यात १९४७ साली. साताऱ्यात तेव्हापासून ‘कमवा आणि शिका’ : अंगमेहनत करायची आणि शिक्षणाचा खर्च भागवायचा. १९६९ मध्ये एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आली. वर्षाला १२० तास काम, शिवाय सात दिवसांचे शिबिर. विषय म्हणून मात्र यातले काहीच धरले जात नसे. मुलाखतीत टक्के बघितले जात आणि शिबिराचे प्रमाणपत्र फाइलच्या मागच्या कप्प्यात राही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा हिशेब बदलला. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी चौकट आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. थिअरीचे एक क्रेडिट १५ तासांचे, प्रात्यक्षिकाचे ३०. एनएसएस, एनसीसी, खेळ हेही आता याच बेरजेत.

वाद झाला तो ओपन इलेक्टिव्हवरून, म्हणजे खुल्या निवडीच्या विषयावरून. हा विषय मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच हवा, असा नियम. म्हणजे रसायनशास्त्राच्या मुलीने वाणिज्य किंवा मानव्यविद्येतला पेपर घ्यायचा. तिन्ही शाखा नांदणाऱ्या शहरातल्या कॉलेजला हे जमते. जत-आटपाडी किंवा माण-खटावकडे एकच शाखा असेल तर बाहेरचा विषय शिकवणार कोण? मग ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी, त्याचा विषय ‘ओपन’ म्हणून लागतो. मेजरचे तास घटले, पाया कच्चा राहणार, हा दुसरा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. दोन क्रेडिटच्या ३० तासांत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जीएसटीचे बिल, रोजमेळ आणि ताळेबंद वाचता येऊ लागला, तर कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात त्याचा उपयोग पहिल्याच महिन्यात होतो. घोटाळा होतो निवडीत. ‘पेपर सोपा जातो’ म्हणून विषय घेतला जातो आणि दर सत्राला नवीच दिशा धरली जाते. शेवटी कशातच हात बसत नाही. नोंदणीआधी अभ्यासक्रमाची प्रत मागावी, शिकवणार कोण ते विचारावे, आणि जमेल तितके विषय एकाच दिशेचे घ्यावेत.

ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. ती सहाव्या सत्रात असेल तर आपल्याकडे वेळ नेमकी साधते : कारखान्यांचे गाळप चालू, सांगलीत नव्या हळदीची आवक, तासगावकडे बेदाण्याची धांदल. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा नमुना घेणे, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढणे, ते नोंदवहीत भरणे, हे काम तेव्हाच हाताखालून जाते. एप्रिलअखेर गेलेल्याला बंद कारखाना आणि फायलींचे गठ्ठे मिळतात. ‘काम समाधानकारक’ एवढ्या एका ओळीचे पत्र मुलाखतीत टिकत नाही. तारीख, तास, केलेले काम आणि सुपरवायझरची सही असलेली रोजची नोंद टिकते.

ही सगळी क्रेडिट एबीसी खात्यावर, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्यावर, चढायला हवीत, आणि तिथेही एक अडचण ठरलेली : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. नाव जुळत नाही आणि क्रेडिट खात्यावर दिसत नाहीत. ही दुरुस्ती पहिल्याच सत्रात करून घ्यावी, कारण कॉलेज बदलताना किंवा एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडताना आधी हेच खाते उघडले जाते.