चिंध्या, जाळी आणि पाणी: कागदामागचं चिनी विज्ञान

झाडाची साल, भांगेच्या झाडाचे तंतू, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी. एवढ्या सामानातून त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने कागद तयार केला आणि इ.स. १०५ मध्ये सम्राटाला तशी वर्दी दिली, अशी नोंद हान घराण्याच्या इतिहासात आहे. तोवर चीनमध्ये लोक बांबूच्या पट्ट्यांवर नाहीतर रेशमावर लिहीत. पट्ट्या जड आणि रेशीम महाग, हे गाऱ्हाणंही त्याच नोंदीत आहे.

कागद त्याआधीही होता. गान्सू प्रांतात फांगमातान इथल्या थडग्यात नकाशा काढलेला कागदाचा तुकडा सापडला. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्साय लुनने कृती सुधारली आणि ती राजदरबारापर्यंत नेली. माझ्या मते हे श्रेयही लहान नाही.

इजिप्तचा पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींवर दाबून केलेला पत्रा. चिनी कारागिरांनी वनस्पतीचा आकारच मोडून टाकला. साल राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून तंतू मोकळे करायचे, ते भरपूर पाण्यात ढवळायचे. मग बांबूच्या बारीक काड्यांची चाळण त्या पाण्यात बुडवून आडवी उचलायची. पाणी निथळतं, तंतू वेडेवाकडे एकमेकांत गुंतून बसतात, आणि ओला ताव चाळणीवरून उतरवून घेता येतो. चाळण लगेच पुढच्या तावासाठी मोकळी.

यात डिंक कुठेच नाही, तरी ताव एकसंध राहतो. तंतू सेल्युलोजचे असतात. कुटल्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर केसांसारखे बारीक धागे सुटतात आणि एकमेकांना टेकायला जागा वाढते. पाणी उडून जाताना ते आणखी जवळ ओढले जातात, आणि शेजारच्या सेल्युलोज रेणूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध अगदी कमजोर, पण त्यांची संख्या अफाट. भिजलेला कागद हातात फाटतो, कारण पाणी मध्ये शिरून हेच बंध सोडवतं.

इ.स. ७५१ मध्ये मध्य आशियात अरब आणि चिनी फौजांत झालेल्या तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी अरबांना ही विद्या शिकवली, अशी कथा सर्रास सांगितली जाते. ती जशीच्या तशी पटत नाही. समरकंदकडच्या सोग्दियन, म्हणजे मध्य आशियातल्या इराणी भाषिक, व्यापाऱ्यांची चौथ्या शतकाच्या सुरुवातीची कागदी पत्रं रेशीम मार्गावरच्या चीनमधल्या दुनहुआंगजवळ मिळाली आहेत. म्हणजे कागद त्या वाटेवर कधीचाच फिरत होता. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी कुटण्याचं काम पाणचक्कीवर चालणाऱ्या हातोड्यांवर सोपवलं आणि तावावर जिलेटिनचा हात दिला, त्यामुळे शाई फुटेनाशी झाली.

गुटेनबर्गने १४५० च्या दशकात बायबल छापलं तेव्हा काही प्रती चर्मपत्रावरही काढल्या. अशा एकेका प्रतीला दीडशेहून जास्त वासरांची कातडी लागली असावी. कागद नसता तर छापखाना युरोपभर पसरलाच नसता, असं मी ठामपणे म्हणेन. चीनमध्ये तर लाकडी ठशांनी छापलेलं, तारीख नोंदवलेलं ‘वज्रसूत्र’ हे बौद्ध सूत्र इ.स. ८६८ मधलं आहे, आणि तेही कागदावरच.

हीच विद्या आपल्याकडेही रुजली. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं जुन्नरी, दौलताबादी अशा हातकागदांवर आहेत, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आजही टिकून आहे.