विंचवाचं विष, महाडचं औषध आणि मेंदूतले रिसेप्टर

कोकणात विंचू चावणं ही कधी बातमी नव्हती. जांभ्याचे गडगे, लाकडांची रास, पेंढा, कौलांखालच्या फटी. तांबड्या विंचवाला लपायला आणखी काय लागतं? बहुतेकांना रात्रभर ठणका लागे आणि दुसऱ्या दिवशी आपसूक उतरे. मांत्रिकांचं नाव झालं ते या आपसूक उतरण्यावर. पण काहींना, विशेषतः लहान मुलांना, उलट्या होत, दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत. मग फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येई. अशांपैकी बरेच दगावत.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा अशा रुग्णांना अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीची औषधं असं हाताशी असेल ते दिलं जाई. बावस्करांनी आधी लक्षणांचा क्रम नोंदवला. उलट्या, घाम, गार हातपाय आणि पुरुषांत लिंगाचा ताठरपणा (हे विचारायला लाजून चालत नाही) ही हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

उपायाची किल्ली मात्र फार आधी, भलतीकडेच घडली होती. औषधाला पेशीवर धरून ठेवणारं काहीतरी असतं, ही कल्पना केंब्रिजच्या लँग्लींनी 1905 मध्ये निकोटिन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) यांच्या प्रयोगांवरून मांडली. यालाच पुढे रिसेप्टर म्हटलं गेलं. 1948 मध्ये अमेरिकेत अल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रिनॅलिनच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सांगितले. तो निबंध आधी एका नियतकालिकाने परत पाठवला होता, आणि छापून आल्यावरही कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाही. मज्जातंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात. सुरुवातीचा घाम आणि उलट्या अ‍ॅसिटिलकोलिनमुळे, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या संदेशवाहक द्रव्यामुळे. पाठोपाठ अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा येतो, तो रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर आदळतो, वाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबाविरुद्ध झगडत थकतं. इथे अ‍ॅसिटिलकोलिनला अडवणारं अ‍ॅट्रोपिन देणं म्हणजे धावत्या हृदयाचा उरलासुरला लगामही काढून घेणं. नुसता बीटा रिसेप्टर अडवला तर अल्फाला रान मोकळं. अडवायचा तो अल्फा-1 हा अल्फाचा उपप्रकार, आणि नेमकं तेच करणारी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी बाजारात होती. बावस्करांनी आधी रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. पण ते शिरेतून, डोळ्यात तेल घालून द्यावं लागतं. खेड्यातल्या दवाखान्याला गोळी परवडणारी. प्रॅझोसिनचे निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर रुग्णांतलं 30 टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण त्यानंतर एखाद्या टक्क्यावर आलं. पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, एवढं पथ्य.

विंचवाच्या विषावर थेट उतारा असलेली प्रतिलस पुढे आली. डॉ. प्रमोदिनी आणि हिंमतराव बावस्करांनी 2011 मध्ये 70 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिलस आणि प्रॅझोसिन दोन्ही दिलेल्या गटात 35 पैकी 32 होते. नुसत्या प्रॅझोसिनवर 35 पैकी 8.

विष आणि औषध, दोघंही पुढे मेंदूच्या प्रयोगशाळेत पोचले. याच विंचवाच्या विषातून 1990 मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं गेलं. 2002 मध्ये टॅमापिनची माहिती प्रसिद्ध झाली. नावातला ‘टॅम’ विंचवाच्या टॅम्युलस या शास्त्रीय नावातला. मेंदूतल्या पेशींवरचे पोटॅशियमचे मार्ग निवडून बंद करायला संशोधक ही द्रव्यं वापरतात. प्रॅझोसिन मेंदूतही शिरतं आणि तिथल्या अल्फा-1 रिसेप्टरवर बसतं. म्हणून युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर ते अमेरिकेत देऊन पाहिलं. छोट्या अभ्यासांनी आशा लावली; 2018 च्या मोठ्या चाचणीत मात्र बिनऔषधी गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही.