हादगा

हादगा (अगस्ता) : फुलांच्या भाजीसाठी परसात लावले जाणारे शेंगवर्गीय झाड. शास्त्रीय नाव सेस्बानिया ग्रँडिफ्लोरा. पांढऱ्या व तांबड्या फुलांच्या दोन जाती आढळतात. तांबडी फुले अधिक कडवट असल्याने स्वयंपाकात पांढऱ्यांना मान आहे. सांगली जिल्ह्यात मिरज भागातील पानमळ्यांत नागवेलीला आधार आणि सावली मिळावी म्हणूनही हादगा लावतात. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते.

पावसाळ्याच्या तोंडाला बी टोकले की रोप झपाट्याने वर जाते. मात्र लाकूड ठिसूळ असते. जोराच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून आडोशाची जागा निवडावी. रोप डोक्याएवढे झाले की शेंडा खुडावा. हे काम टाळू नये. न खुडलेले झाड सरळसोट वाढते आणि पुढे सगळी फुले हाताबाहेर, शेंड्याकडे लागतात. कडाक्याची थंडी झाडाला सोसत नाही. बहर मुख्यतः पाऊस ओसरल्यावर येतो.

भाजीला टपोऱ्या कळ्या किंवा नुकती उमललेली फुले सकाळीच काढतात. उन्हाने ती मलूल होतात. फूल बोटभर लांब, होडीसारखे बाकदार असते. आत दहा पुंकेसर : नऊ एकमेकांना जुळलेले, दहावा सुटा. कडवटपणा मुख्यतः या केसरांत असतो, म्हणून पाकळ्या किंचित उघडून मधला झुबका आणि बुडाचा हिरवा भाग काढून टाकतात. निवडायला वेळ लागतो, पण भाजीची चव याच कामावर ठरते. मग फुले धुऊन, निथळून चिरतात. तेलात मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतून त्यावर फुले घालतात; ती मऊ पडली की डाळीचे पीठ पेरून एक वाफ काढतात. पिठाऐवजी भिजवलेली मूगडाळही चालते. फुले शिजून फार आटतात, तेव्हा टोपलीभर घेतली तरच घराला पुरतात. मीठ शेवटी, आटल्यावर अंदाज घेऊन घालावे. अख्ख्या फुलांची भजीही उत्तम होतात. कोवळ्या शेंगांचीही भाजी करतात.

बंगालमध्ये हेच ‘बकफूल’ पिठात बुडवून तळतात. तमिळनाडूत फुलांपेक्षा पाल्याला महत्त्व आहे. एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला ‘अगत्ती कीरै’ खाण्याची तिथे प्रथा आहे. थायलंडमध्ये ही फुले आंबट रश्शात शिजवतात.