बेट व्हायला शिकलेली वीज

छतावर सौर पॅनेल आहेत म्हणजे वीज गेली तरी दिवे चालू राहणार, असं भल्याभल्यांना वाटतं. प्रत्यक्षात ग्रिडची वीज गेली की साधी सौरयंत्रणा भर उन्हात स्वतःहून बंद होते. तिचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, ग्रिडचा ठेका ऐकून त्यावर ताल धरत असतो, ठेका थांबला की तोही थांबतो. हे मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर तार बंद आहे असं समजून काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतायचं.

लष्करी तळाला मात्र असं थांबून चालत नाही. ८ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातली ५०० किलोव्होल्टची एक वाहिनी बंद पडली आणि ११ मिनिटांत पडझड होत होत अख्खं सॅन दिएगो अंधारात गेलं. एकूण सुमारे २७ लाख ग्राहकांची वीज गेली. मरीन दलाचा मिरामार हवाई तळ याच शहरात आहे. आज तिथे मायक्रोग्रिड आहे, म्हणजे गरज पडली की मोठ्या ग्रिडपासून सुटून बेटासारखं स्वतःच्या विजेवर चालणारं छोटं जाळं. शहराचा कचरा तळाच्याच जमिनीवर कुजतो, त्यातल्या मिथेनवर ३.२ मेगावॅट वीज मिळते. जोडीला सौरऊर्जा, डिझेल आणि नैसर्गिक वायू.

जनरेटर तर तळांवर पूर्वीपासून असतात, मग यात नवं काय? पूर्वी प्रत्येक इमारतीचा जनरेटर वेगळा. तो सुरू झाला नाही तर ती इमारत गेली, शेजारचा निवांत फिरत असला तरी. शिवाय मोठं डिझेल इंजिन फार कमी भारावर चालवलं की इंधन नीट जळत नाही आणि काजळी साचते. सगळे एका जाळ्यात आणले की मोजकेच चालवता येतात.

पण एकत्र आणले की कोणी किती ओझं उचलायचं, हे ठरवणार कोण? मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते इथेच आहे. जनरेटरवर भार वाढला की त्याच्या फिरण्याला विरोध वाढतो आणि गती किंचित उतरते. (चुंबकांवर फुकट वीज देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ हा विरोध सोयीस्कर विसरतात.) गती उतरली की वारंवारता उतरते, आणि ती जाळ्यात सगळीकडे एकच असते. म्हणजे निरोप आपोआप सगळ्यांना पोचला!

समजा, प्रत्येक जनरेटरला नियम घातला: रिकामा असताना ६० हर्ट्‌झ, पूर्ण भारावर ५ टक्के कमी, म्हणजे ५७. एक जनरेटर ३ मेगावॅटचा, दुसरा १ चा, आणि भार २ मेगावॅट. दोघांची वारंवारता एकच असायला हवी, म्हणून दोघंही निम्म्या भारावर, ५८.५ हर्ट्‌झला स्थिरावतात. मोठा १.५ मेगावॅट उचलतो, धाकटा ०.५. दोघांमध्ये एक तारही निरोपाची नाही. मग वरचा नियंत्रक सावकाश दोघांची पातळी चढवून वारंवारता ६० वर आणतो. बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काही नसतं, पण हाच उताराचा नियम त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. असा इन्व्हर्टर ठेका ऐकत बसत नाही, स्वतः देतो. तो मिळाला की सौर पॅनेलही पुन्हा कामाला लागतात. तरीही वारंवारता घसरतच राहिली, तर कमी महत्त्वाच्या इमारती आधी तोडल्या जातात. धावपट्टीचे दिवे शेवटपर्यंत राखायचे.

बेट होण्यापेक्षा ग्रिडला पुन्हा जोडणं नाजूक. दोन्हीकडच्या लहरी नेमक्या उलट असताना ब्रेकर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा स्विच, मिटला, तर त्या क्षणी त्याच्या दोन टोकांत दुप्पट व्होल्टेज असतं आणि जनरेटरच्या दांड्याला जबर पीळ बसतो. बाहेर ६० आणि आत ५९.९ हर्ट्‌झ असेल, तर लहरी दर १० सेकंदांनी एकदा जुळतात. तोच क्षण साधायचा. ब्रेकर मिटायलाही काही मिलिसेकंद लागतात, म्हणून हुकूम त्या क्षणाच्या जरासा आधीच सोडावा लागतो.