डभोईला निघण्यापूर्वी

आमच्या गाडीतून डभोईला येणारे बहुतेक ग्राहक खरं तर नर्मदाकाठच्या चांदोद तीर्थाला किंवा सरदार पटेलांचा पुतळा बघायला केवडियाला चाललेले असतात. "वाटेत दहा मिनिटं थांबू," म्हणतात. दहा मिनिटांत हिरा भागोळ या कोरीव वेशीवरचे नुसते हत्तीसुद्धा मोजून होत नाहीत. म्हणून हे पत्रक छापलं.

बडोद्यापासून साधारण ३० किलोमीटरवरच्या या गावाचं जुनं नाव दर्भावती. तट बाराव्या शतकातल्या सिद्धराज जयसिंहाचा मानतात, पुढे तेराव्या शतकात वाघेला राजा विसलदेवाने त्यात भर घातली. भागोळ म्हणजे आपली वेस. चार दिशांना चार आहेत, पण वेळ कमी असेल तर बाकीच्या तीन खुशाल सोडा आणि पूर्वेची हिरा भागोळ बघा. शेजारच्या कालिका मातेच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर वीतभरही कोरी जागा नाही. इतकी मूर्तिकला आणि गर्दी जवळजवळ नाहीच!

हिरा भागोळ हे नाव हिराधर कारागिराचं. त्याने तटासाठी आणलेला दगड चोरून प्रेयसीसाठी टेन गावी तळं बांधलं, राजाने त्याला भिंतीत चिणलं आणि तिने फटीतून तूप पाजून त्याला जगवलं, असं गावात सांगतात. खरं-खोटं कारागिरालाच ठाऊक, तळं मात्र आहे.

मराठी माणसाने इथे जरा जास्त थांबावं. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात पहिल्या बाजीरावांची आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांची लढाई झाली. मराठेच मराठ्यांसमोर! त्र्यंबकराव गोळी लागून पडले. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे पिलाजी हरलेल्या बाजूचे. पण सेनापतीपद त्र्यंबकरावांच्या धाकट्या भावाकडे गेलं आणि गुजरातचा खरा कारभार पिलाजींकडे आला. आपले आजे-पणजे नोकरीनिमित्त बडोद्यात येऊन दांडिया बाजारात स्थिरावले, त्याचा धागा असा डभोईच्या शिवारापर्यंत जातो.

आता बापूगाडी, म्हणजे इथली अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी. १८६२ साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी २० मैलांची लाइन टाकली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि डबे ओढायला बैल! इंजिनाचं वजन पेलण्याइतके ते रूळ भक्कम नव्हते. १८७३ मध्ये जड रूळ बसले, तेव्हा इंजिनं नियमित धावू लागली. २०२१ पासून डभोईवरून केवडियाला रुंद रुळांवरची मोठी गाडी जाते, त्यामुळे बापूगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून झाडाची पानं तोडल्याच्या गोष्टी आता आजोबांकडूनच ऐकायच्या.

गाडी सकाळी साडेसहाला काढतो. सुरुवातीला आम्ही दुपारी नेत असू. दगड असा तापायचा की मंडळी एसी लावून गाडीतच बसून राहायची. सकाळचं ऊन वेशीच्या बाहेरच्या अंगावर पडतं आणि कोरीव काम स्पष्ट दिसतं. देवळाशी चपला काढाव्या लागतात, पायमोजे जवळ ठेवा. सेव-उसळ परतीच्या वाटेवर.