गावात घर घेताय? टोकन देण्याआधी एक-चौदा बघा

पगार कमी म्हणून लोन नाकारलेलं मी कमीच बघितलंय. गोव्यात गावातल्या घराचं लोन अडतं ते जमिनीच्या कागदावर, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर (फॉर्म I आणि XIV, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा), आणि हे कळतं कधी तर मालकाच्या हातात टोकनचे दोन लाख पडल्यावर.

आधी सबसिडीचं सांगतो. सध्या लोक विचारतात ती पीएम आवास शहरी २.० ची व्याज सबसिडी. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, कार्पेट एरिया १२० चौरस मीटरपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, सगळे मिळून जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. (३५ लाखांत घर कुठे मिळतं ते मला पण कळवा.) नावात 'शहरी' आहे, म्हणजे पालिकेची हद्द नाहीतर अधिसूचित प्लॅनिंग एरिया. तुमची पंचायत त्यात येते का हे आधी विचारा, शेजारच्या गावात मिळाली म्हणून तुम्हाला मिळेल असं नाही. आणि तारखेचा घोळ, १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर ही अट लोन मंजूर होऊन पैसे सुटण्याची आहे, अर्ज भरण्याची नाही. २०२३ चं लोन घेऊन आता अर्ज करणारे रोज भेटतात.

देशात कुठेही पक्कं घर नाही असं लिहून द्यावं लागतं, नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं धरून. बायकोच्या नावावर माहेरचं काही आहे का ते घरी विचारूनच सही करा.

आता खरा त्रास. एक-चौदाचा उतारा काढला की मालकाच्या कॉलममध्ये आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, आणि घर विकणारा म्हणतो 'आम्ही चारी भाव एकच आहोत'. असाल हो, पण बँकेला इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्तेची कोर्टातून झालेली वाटणी) लागते नाहीतर वारसांचा नोटरी डीड, आणि त्यावरून झालेलं म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरचा नावबदल. इन्व्हेंटरी कोर्टात चालते, एक भाऊ परदेशात असला की किती वर्षं ते देव जाणे. शिवाय आपल्याकडे लग्नानंतर मालमत्ता दोघांची धरली जाते, म्हणून प्रत्येक भावाबरोबर वहिनीची पण सही. एकीची राहिली की बँकेचा वकील फाईल परत पाठवतो आणि बरोबरच करतो.

त्याच उताऱ्यावर कुळाचा आणि इतर हक्कांचा कॉलम असतो, तो कोणी वाचतच नाही. तिथे नाव दिसलं तर थांबा. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर आणखी सावध, कारण घरात पन्नास वर्षं राहिला तरी मामलेदाराकडून जागा विकत घेतल्याचा कागद होईपर्यंत जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच (पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत घेता येते, १९७५ च्या कायद्याने). 'घरपट्टी आमच्याच नावावर आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! घरपट्टी म्हणजे मालकी नाही, पंचायतीला कर हवा असतो म्हणून ती पावती देते.

सनद म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद. नव्या बांधकामाला ती, बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा दाखला) लागणारच. जुन्या कौलारू घराकडे यातलं काहीच नसतं, मग सर्व्हे प्लॅनवर घर दाखवलंय का ते बघा आणि त्या प्लॅनची प्रत घेऊन बँकेत जा, नुसत्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. भातशेतीची जमीन असेल तर विषयच सोडा, २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला ती घेणं जवळपास बंदच झालंय.

आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, नील एन्कंब्रन्स (मालमत्तेवर बोजा नसल्याचा दाखला) हे सगळं नेहमीचंच, एका आठवड्यात जमतं. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे पैसे मात्र वेगळे ठेवा, लोनमध्ये ते सहसा धरत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात सोनं गहाण टाकायची पाळी येते. टोकन द्यायचंच असेल तर करारात एक ओळ लिहून घ्या, टायटल क्लिअर नाही म्हणून बँकेने लोन नाकारलं तर पैसे परत. मालक कुरकुरला तर त्याच्या एक-चौदावर काहीतरी आहे असं समजा.