चपला स्वतःला विकतात का?

'डी झांडालेन फेअरकाउफन झिश गूट.' हे जर्मन वाक्य शब्दाला शब्द लावून वाचलं, तर अर्थ निघतो: चपला स्वतःला चांगल्या विकतात. इंग्रजी म्हणते, 'द सँडल्स सेल वेल'. कोल्हापुरात चप्पल लाइनमधला दुकानदार म्हणेल, 'चपला झ्याक खपत्यात.'

तिन्ही वाक्यांतून विकणारा गायब आहे. जर्मन ही गोष्ट 'झिश' (स्वतःला) हे आत्मवाचक सर्वनाम जोडून कळवते. इंग्रजी तेच क्रियापद मुकाट्यानं पुढं करते. मराठी वेगळं क्रियापद काढते, नाहीतर आतला स्वर बदलते: तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे. ('तिनं दार उघडलं' आणि 'दार उघडलं' यात मात्र आपणही इंग्रजीइतकेच आळशी.)

म्हणून आत्मवाचक सर्वनाम म्हणजे 'स्वतःला' ही शिकवण्यांमधली व्याख्या जर्मनला अपुरी पडते. 'इश फ्रॉये मिश' म्हणजे मला आनंद झालाय. 'इश हाबे मिश एरकेल्टेट' म्हणजे मला सर्दी झालीय. इथं कुणी स्वतःला काही करत नाही. जर्मन जिथं 'मी' आणि 'मला' दोन्ही घालते, तिथं मराठी नुसत्या 'मला'वर भागवते.

इंग्रजीचा इतिहास मजेदार आहे. हजार वर्षांपूर्वी तिच्यात वेगळं आत्मवाचक सर्वनामच नव्हतं. 'त्यानं त्याला मारलं' यातला 'त्याला' दुसरा की तोच, हे संदर्भावरून ओळखायचं. जोर देणारा 'सेल्फ' पुढं सर्वनामाला कायमचा चिकटला. तो वजनदार असल्यानं आजही गरजेपुरताच येतो. दाढीला 'आय शेव्ह' पुरतं. जर्मननं जुना 'झिश' जपला. त्याचं आणि संस्कृत 'स्व'चं मूळ एकच.

खरी गंमत 'मीर'ची, म्हणजे 'माझ्यासाठी'ची. 'इश माखे मीर आइनेन काफे' याला 'स्वतःसाठी' लावलं की मराठी अवघडते. आपण सरळ म्हणतो, 'मी कॉफी करून घेतो.' जर्मनचं हे सर्वनाम मराठीत बऱ्याचदा 'घेणे' या क्रियापदात बसलेलं असतं. माझ्या मते शिकवताना इथूनच सुरुवात करावी.

पण 'घेणे'ही पक्कं नाही. तालमीत पैलवानानं अंगाला तेल लावून घेतलं, तर चोळलं कुणी, त्यानं की पोरांनी? मराठीत दोन्ही चालतं. जर्मनला ठरवावंच लागतं: स्वतः चोळलं तर 'झिश आइनराइबन', दुसऱ्याकडून तर पुढं 'लासेन' (करवून घेणे).